देशभर फिरताना मोबाइल इंटरनेट कसे निवडावे

प्रवासाची तयारी सुरू झाली की घरात हमखास एक प्रश्न निघतो: सगळ्यात वेगवान नेट कोणाचे? त्याचे उत्तर मात्र प्रत्येक जण आपल्या शहरातल्या अनुभवावरून देतो. पुण्यात, ठाण्यात किंवा नागपुरात ज्या सिमवर व्हिडिओ न अडकता चालतो, ते सिम भामरागडला, स्पितीच्या काझाला किंवा अरुणाचलातल्या एखाद्या घाटात जिवंत राहीलच असे नाही. त्यामुळे निवडीची सुरुवात आपल्या मार्गावरच्या सर्वांत दुबळ्या टप्प्यापासून करावी. त्या टप्प्यावर कोणाची रेंज आहे ते आधी पाहावे, मग पॅकची मुदत आणि दर पाहावेत. वेगाचा विचार सर्वांत शेवटी केला तरी चालतो, कारण नकाशा उघडणे, यूपीआयने पैसे देणे आणि घरी खुशाली कळवणे या प्रवासातल्या तीन मुख्य गरजांना फार वेग लागत नाही.

रेंज पाहण्याची सोय आता पूर्वीपेक्षा बरी झाली आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजे ट्रायने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलेल्या निर्देशानुसार प्रत्येक कंपनीला आपल्या संकेतस्थळावर सेवाक्षेत्राचा नकाशा द्यावा लागतो आणि त्यात २जी, ४जी, ५जी अशा सेवा वेगवेगळ्या पाहता येतात. हा नकाशा पाहताना जिल्ह्याचे नाव टाकून समाधान मानू नये. ज्या गावात रात्रीचा मुक्काम आहे ते गाव आणि दोन मुक्कामांमधला घाटरस्ता मोठा करून पाहावा. नकाशातली रेंज साधारणतः उघड्यावरची असते. जाड दगडी भिंतींच्या घरात, दरीच्या तळाशी असलेल्या निवासात किंवा पत्र्याच्या छताखाली ती बरीच उतरते. म्हणून नकाशापेक्षाही भरवशाचा उपाय म्हणजे मुक्कामाच्या मालकाला फोन करून विचारणे, आणि तेही नेमके विचारणे. “तुमच्याकडे नेट आहे का?” या प्रश्नाला कोणताही व्यावसायिक होच म्हणेल. “तुम्ही स्वतः कोणते सिम वापरता, ते खोलीत चालते की अंगणात यावे लागते, आणि लाइट गेल्यावर टॉवर किती वेळ चालतो?” असे विचारले की खरी माहिती मिळते. डोंगराळ भागात वीज गेल्यावर टॉवरची बॅटरी संपली की रेंजही जाते, त्यामुळे हा तिसरा प्रश्न वगळू नये.

कंपन्या चार असल्या तरी त्यांच्या जाळ्यांची घडण एकसारखी नाही. जिओकडे २जी आणि ३जी नाहीच. ४जी किंवा ५जी मिळाले नाही तर त्या सिमवरून साधा फोनही लागत नाही. एअरटेलने ३जी सेवा २०२० मध्ये बंद केली, पण २जी ठेवली आहे, त्यामुळे नेट नसलेल्या जागीही कधीकधी बोलणे आणि एसएमएस शक्य होतात. व्हीआयचे म्हणजे व्होडाफोन-आयडियाचे जाळे अनेक शहरांत चांगले असले, तरी मोठ्या महामार्गापासून दूर जाताना त्यांचा नकाशा अधिक बारकाईने पाहणे इष्ट. बीएसएनएलकडे मात्र शहरी लोक वर्षानुवर्षे दुर्लक्ष करत आले आहेत आणि दुर्गम भागात जाणाऱ्याने ते करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मोबाइल सेवा न पोहोचलेल्या २४,६८० गावांत ४जी नेण्याची २६,३१६ कोटी रुपयांची योजना केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये मंजूर केली आणि ते काम बीएसएनएलकडे दिले. पुढे २७ सप्टेंबर २०२५ रोजी बीएसएनएलच्या स्वदेशी तंत्रज्ञानावरील ४जी जाळ्याचे देशपातळीवर उद्घाटन झाले. जिथे इतर कंपन्यांना टॉवर उभारणे परवडत नाही, तिथे सरकारी पैशातून उभा राहिलेला टॉवर असण्याची शक्यता अधिक असते. गडचिरोली, मेळघाट, लाहौल-स्पिती किंवा ईशान्येकडील सीमावर्ती गावे कार्यक्रमात असतील, तर दुसरे सिम बीएसएनएलचे घेणे शहाणपणाचे.

अर्थात त्याला दोन अटी आहेत. बीएसएनएलचे जुने २जी-३जी सिम कपाटातून काढून घातल्यास ४जी मिळणार नाही. ते सेवाकेंद्रात जाऊन बदलून घ्यावे लागते. दुसरे असे, की बीएसएनएलचे ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींच्या पट्ट्यांवर म्हणजे बँडवर चालते, तेव्हा आपल्या फोनमध्ये बँड २८ आणि बँड १ आहेत का, हे फोनच्या तांत्रिक माहितीत तपासावे. परदेशातून आणलेल्या जुन्या फोनच्या बाबतीत तर ही तपासणी सर्वच कंपन्यांसाठी करावी, कारण आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा २३०० मेगाहर्ट्झचा बँड ४० त्यांत असतोच असे नाही.

सरकारी निधीतून उभारलेल्या टॉवरबाबत आणखी एक गोष्ट प्रवाशाच्या उपयोगाची आहे. जानेवारी २०२५ पासून अशा ४जी टॉवरवर एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीचे जाळे वापरता यावे अशी व्यवस्था सुरू झाली असून तिच्यात बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ सहभागी आहेत. तिचा लाभ मिळण्यासाठी फोनमधील नेटवर्कची निवड ‘ऑटोमॅटिक’ ठेवावी आणि डेटा रोमिंग चालू असू द्यावे. अनेकांनी पूर्वीच्या रोमिंग शुल्काच्या धास्तीने हे बटण कायमचे बंद करून ठेवलेले असते. देशांतर्गत रोमिंगला आता नेहमीच्या पॅकमध्ये वेगळे पैसे पडत नाहीत, त्यामुळे परराज्यात गेल्यावर रेंज भरपूर दिसते पण नेट चालत नाही अशी तक्रार असेल, तर सर्वप्रथम हेच बटण पाहावे.

यावरून मूळ सल्ला असा निघतो की दोन सिम घ्यावीत आणि ती दोन वेगवेगळ्या कंपन्यांची असावीत. एकाच कंपनीची दोन सिमे बाळगणे म्हणजे एकाच छत्रीखाली दोघांनी भिजणे होय. कुटुंबाने किंवा मित्रमंडळींनी एकत्र जायचे असेल, तर प्रत्येकाने दोन सिम घेण्याची गरज नाही. गटात मिळून तीन कंपन्या झाल्या आणि हॉटस्पॉट देण्याची तयारी असली, की बहुतेक ठिकाणी कोणा ना कोणाचे नेट चालते. मात्र हॉटस्पॉट देणाऱ्याच्या फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, तेव्हा पॉवर बँक त्याच्याच हाती असावी.

दुसरे सिम घेताना बँकेशी जोडलेले सिम फोनमधून काढू नये. यूपीआयचे ॲप त्या सिमवरून एसएमएस पाठवून फोनशी बांधलेले असते. सिम काढून पुन्हा घातल्यास ॲप कधीकधी नव्याने पडताळणी मागते आणि त्या वेळी रेंज नसली तर व्यवहार थांबतात. बँकेचे सिम जागेवर ठेवून सेटिंगमध्ये डेटासाठी दुसरे सिम निवडावे. फोनमध्ये एकच खाच असेल आणि ई-सिमची म्हणजे फोनमध्येच बसवलेल्या डिजिटल सिमची सोय असेल, तर जुने सिम ई-सिममध्ये बदलून खाच मोकळी करता येते. पण हे काम निघण्याच्या आदल्या रात्री करू नये. सिमची अदलाबदल झाल्यावर, मग ती ई-सिमसाठी का असेना, सुरक्षिततेच्या नियमानुसार २४ तास त्या क्रमांकावर एसएमएस बंद राहतात. म्हणजेच त्या काळात एकही ओटीपी येणार नाही. विमानतळावर वेब चेक-इन आणि हॉटेलचे पैसे भरण्याच्या गडबडीत हे लक्षात आले तर काय गोंधळ उडतो, याची कल्पना करता येईल. कंपनी बदलायची असेल म्हणजे पोर्ट करायचे असेल, तर त्याला त्याच परिमंडळात (ढोबळमानाने त्याच राज्यात) साधारण तीन आणि परिमंडळाबाहेर पाच कामकाजाचे दिवस लागतात, शिवाय सध्याच्या कंपनीत किमान ९० दिवस झालेले असावे लागतात. प्रवासापुरते नेट हवे असेल तर पोर्ट करण्यात अर्थ नाही. नवे सिम घेणे सोपे पडते.

पॅक निवडताना जाहिरातीतला ‘अनलिमिटेड’ हा शब्द जपून वाचावा. रोजचे १.५ किंवा २ जीबी संपले की बहुतेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, आणि त्या वेगात नकाशाचे चित्रही धड उमटत नाही. जिओ आणि एअरटेलच्या अमर्याद ५जीचा लाभ जुलै २०२४ च्या दरवाढीपासून साधारणतः रोज २ जीबी किंवा त्याहून अधिक डेटाच्या पॅकवरच मिळतो, आणि तोही फोन प्रत्यक्ष ५जीवर असेल तेव्हाच. शहर सोडून गाडी महामार्गाला लागली, फोन ४जीवर उतरला, की नेहमीचा कोटा कापला जाऊ लागतो. घरी दिवसभर रील पाहूनही कोटा संपत नाही आणि प्रवासात दुपारीच संपतो, याचे कारण हे आहे. त्यावर सर्वांत मोठा उपाय म्हणजे फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप आणि ॲपचे अपडेट फक्त वाय-फायवर होतील अशी सेटिंग करणे. किल्ल्यावर शंभर-दीडशे फोटो आणि चार व्हिडिओ काढले, की फोन ते सगळे निमूटपणे वर पाठवू लागतो आणि त्यात दिवसाचा डेटा जातो. साध्या प्रतीचा चित्रपट तासाला १ जीबीपर्यंत आणि एचडी प्रतीचा ३ जीबीपर्यंत डेटा घेऊ शकतो. त्या तुलनेत रस्ता दाखवणाऱ्या नकाशाला फारच कमी लागतो.

मुदत किंवा व्हॅलिडिटी हा पॅकचा दुसरा सापळा आहे. २८ दिवसांचे पॅक प्रवासाच्या मधल्याच दिवशी संपत असेल, तर निघण्यापूर्वीच पुढचे रिचार्ज करून ठेवावे. ते बहुतेक कंपन्यांत रांगेत राहते आणि जुने संपल्यावर सुरू होते. नुसते डेटाचे पॅक घेतले आणि मूळ पॅक संपलेले असले, तर ते अनेकदा चालत नाही, हेही पाहून घ्यावे. रेंज तुटक असलेल्या ठिकाणी रिचार्ज संपत आले तर स्वतः करण्याची खटपट सोडून घरच्या कोणाला तरी करायला सांगणे सर्वांत सोपे.

जम्मू-काश्मीर आणि लडाखचे नियम मात्र उर्वरित देशापेक्षा वेगळे आहेत आणि मराठी पर्यटकांची तिथे सर्वाधिक फसगत होते. इतर राज्यांतील प्रीपेड सिम तिथे चालत नाही, मग कंपनी कोणतीही असो आणि रिचार्ज कितीही मोठे असो. श्रीनगरच्या विमानतळावर उतरताच, किंवा रस्त्याने जाणाऱ्यांच्या बाबतीत पंजाब ओलांडून लखनपूरला पोहोचताच, फोन गप्प होतो. पोस्टपेड सिम चालते. त्यामुळे पहिला मार्ग असा की प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधी आपला प्रीपेड क्रमांक पोस्टपेड करून घ्यावा. हे आता ओटीपीच्या आधारे, क्रमांक न बदलता होते. परत प्रीपेडकडे येण्यासाठी काही काळ थांबावे लागते, म्हणून पहिल्या एक-दोन बिलांचा खर्च धरूनच हिशेब करावा. दुसरा मार्ग म्हणजे तिथे पोहोचून स्थानिक प्रीपेड सिम घेणे. त्यासाठी मूळ ओळखपत्र जवळ हवे आणि सिम सुरू होईपर्यंत काही वेळ जाऊ शकतो, तेव्हा पहिला दिवस नेटविना जाईल असे समजून चालावे. अमरनाथ यात्रेच्या काळात बीएसएनएल यात्रेकरूंसाठी मर्यादित मुदतीचे खास सिम उपलब्ध करून देते, त्याचा लाभ यात्रेकरूंनी जरूर घ्यावा.

ज्येष्ठ मंडळींच्या गटात सगळ्यांनी पोस्टपेड होण्याची गरज नसते. वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन पोस्टपेड क्रमांक गटात असले, तर हॉटेलच्या वाय-फायच्या जोडीने आठ-दहा जणांचे भागते. वाय-फाय किंवा हॉटस्पॉटवर व्हॉट्सॲप चालते आणि आधीपासून बांधलेल्या ॲपवरून यूपीआयही सहसा होते, कारण त्याला पिन लागतो, दर वेळी ओटीपी नाही. कार्डाने ऑनलाइन पैसे भरायचे मात्र राहून जातात, कारण बंद पडलेल्या प्रीपेड क्रमांकावर ओटीपी येणार नाही. काही बँका ओटीपी ईमेलवरही पाठवतात. आपली बँक पाठवते का ते घरीच विचारून घ्यावे. लडाखमध्ये लेह शहर सोडून नुब्रा, पँगाँग किंवा हानलेकडे निघाल्यावर पोस्टपेडलाही रेंज तुटक मिळते, म्हणून तिथल्या दिवसांसाठी घरच्यांना आधीच सांगून ठेवावे की संध्याकाळी फोन आला नाही तर घाबरू नये.

सीमेलगतच्या भागात एक वेगळाच प्रकार अनुभवास येतो. मेघालयातील डावकीला किंवा नेपाळच्या सीमेवरच्या गावांत फोन कधीकधी पलीकडच्या देशाचा टॉवर पकडतो. तसे झाले तर आंतरराष्ट्रीय रोमिंगचे शुल्क लागू शकते आणि फोनचे घड्याळही बदलते: बांगलादेशची वेळ आपल्यापेक्षा ३० मिनिटांनी आणि नेपाळची १५ मिनिटांनी पुढे आहे. पहाटेची गाडी पकडायची असेल तर घड्याळ आपोआप बदलण्याची सोय बंद करावी, आणि अशा भागापुरती नेटवर्कची निवड स्वतः करून आपल्या कंपनीवर थांबवावी. वर सांगितलेली ‘ऑटोमॅटिक’ची सूचना येथे उलटी लागू होते.

रेल्वेप्रवासाबद्दल फार आशा बाळगू नये. कोकण रेल्वेवर ९१ बोगदे आहेत आणि त्यांतला रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. गाडी बोगद्यातून बाहेर पडते, फोन नेटवर्क शोधू लागतो, संदेशावर एक टिक उमटते, आणि दुसरी उमटण्याआधी पुढचा बोगदा येतो. अशा मार्गावर ऑफिसची बैठक ठेवणे हा आशावादाचा कळस होय. चित्रपट, गाणी, कागदपत्रे घरून उतरवून घ्यावीत. स्थानकांवर मात्र रेलटेलची ‘रेलवायर’ वाय-फाय सेवा आहे. ती देशातल्या सहा हजारांहून अधिक स्थानकांत पोहोचली असून पहिली ३० मिनिटे मोफत मिळते आणि पुढे अल्प दरात दिवसाचे पॅक घेता येते. तिच्यात शिरण्यासाठी ओटीपी लागतो, म्हणजे मोबाइलवर एसएमएस येण्याइतकी तरी रेंज हवी. अशा सार्वजनिक वाय-फायवर बँकेचे व्यवहार टाळावेत.

गर्दीत रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात आणि तरीही काही हलत नाही, हा अनुभव आषाढीला पंढरपुरात अनेकांनी घेतला असेल. काड्या फक्त टॉवर जवळ आहे इतकेच सांगतात. त्या टॉवरवर किती लोक एकाच वेळी लटकले आहेत ते सांगत नाहीत. वारी, कुंभमेळा किंवा मोठ्या जत्रेत कंपन्या फिरते टॉवर उभे करतात, पण लाखोंच्या गर्दीला ते पुरतातच असे नाही. अशा ठिकाणी फोन ५जीवरून ४जीवर किंवा दुसऱ्या सिमवर नेऊन पाहावा, व्हिडिओ कॉलऐवजी साधा फोन किंवा एसएमएस करावा, आणि चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा व वेळ सकाळीच ठरवून ठेवावी.

बेटांची परिस्थिती गेल्या काही वर्षांत पालटली आहे. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट २०२० मध्ये अंदमानला, तर कोचीहून टाकलेली केबल जानेवारी २०२४ मध्ये लक्षद्वीपला सुरू झाली. त्याआधी तिथले नेट उपग्रहावर अवलंबून होते. मुख्य बेटांवर आता काम भागते, पण बोटीत बसल्यावर मधल्या समुद्रात नेटची अपेक्षा ठेवू नये.

परदेशातून सुट्टीला येणाऱ्या आप्तांसाठी इथले सिम घेणे हे परदेशी कंपनीच्या रोमिंगपेक्षा बहुधा स्वस्त पडते. परकीय पारपत्र असल्यास पारपत्र आणि व्हिसा दाखवावा लागतो. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांनी तिकडून सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण मात्र आणू नये. परवान्याशिवाय ते भारतात बाळगणे बेकायदा आहे आणि विमानतळावर पकडले गेल्याची उदाहरणे आहेत.

नेट कितीही विचार करून निवडले तरी ते जाऊ शकते. दरड कोसळून केबल तुटते, किंवा परीक्षा वा तणावाच्या प्रसंगी एखाद्या जिल्ह्यात प्रशासनाच्या आदेशाने मोबाइल इंटरनेट बंद केले जाते, आणि तेव्हा दोन काय, चारही कंपन्यांची सिमे सारखीच निरुपयोगी ठरतात. म्हणून ज्या भागात जायचे त्याचा नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवावा, तिकिटे आणि हॉटेलच्या आरक्षणाचे स्क्रीनशॉट काढावेत, फास्टॅगमध्ये पुरेशी रक्कम भरावी, दोन दिवस पुरतील इतके रोख पैसे सुट्या नोटांसह जवळ ठेवावेत आणि घरच्यांचे, चालकाचे व मुक्कामाचे क्रमांक कागदावर लिहून पाकिटात घालावेत. स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी आसपास दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा टॉवर असल्यास आणि फोनला ते जाळे पकडता येत असल्यास ११२ हा आपत्कालीन क्रमांक लागू शकतो; पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असे दिसत असेल तेव्हा त्याचा अर्थ हाच असतो.